इटलीच्या गडांवर पाणी शोधताना

इटलीतले किल्ले पाहायला मी गेलो नव्हतो. मला नेलं होतं द्राक्षबागा दाखवायला. पण त्या मुलखात बाग म्हटली की तिच्या डोक्यावर एखादा किल्ला बसलेला असतोच, आणि आमच्या दौऱ्याच्या कागदावर तर बागा चार आणि किल्ले सात असं छापलेलं होतं. तो कागद हातात पडला तेव्हाच मी मनाशी म्हणालो, यात काहीतरी काळंबेरं आहे. शेतकऱ्याला एवढे किल्ले फुकट कोण कशाला दाखवील?

दोन हजार चार सालची ही गोष्ट. नाशिकहून पेठ रस्त्याने निघालं की रामशेज किल्ला लागतो. त्याच्या पायथ्याला आमचं गाव आणि गावाला लागून आमची बाग, सगळी थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं. बाग माझी आणि माझ्या धाकट्या भावाची, दत्तूची. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो चौथीत होता, त्यामुळे त्याला मीच वाढवला असं मी सगळ्यांना सांगत असतो. सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत. आमचे आजोबा त्याच जमिनीत नाशिकच्या एका घराण्याचे कूळ म्हणून राबत, आणि कूळकायद्याने ती जमीन आमची झाली. कागदाने मिळालेली वस्तू कागदानेच जाते हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून माझ्यासमोर कोणी कागद ठेवला की मी आधी त्या माणसाचे डोळे बघतो.

त्या वर्षी वाइन करणारी एक कंपनी आमच्या भागात फिरत होती. थॉमसन काढायची, वाइनची द्राक्षं लावायची, करार पंधरा वर्षांचा. जात कंपनी सांगणार, तोडणीचा दिवस कंपनी सांगणार, द्राक्षातली साखर कंपनीच्याच यंत्रावर मोजली जाणार. दत्तूच्या मनात ते पक्कं बसलं होतं. "नाना, दरवर्षी फेब्रुवारीत आभाळाकडं बघत जीव टांगणीला. यांना मणी बारीक चालतो, डाग चालतो, आपल्याला काय पायजे अजून?" असं तो म्हणायचा. मला काय पाहिजे ते मला नीट सांगता येत नव्हतं. एक तर माझ्या गळ्यात माळ आहे, मी दारूला शिवत नाही. पण खरं कारण माळ नव्हतं. पंधरा वर्षं दुसरा सांगेल तेव्हा तोडायचं, याला आमच्या आजोबांच्या काळी वेगळं नाव होतं.

मग कंपनीने सहा शेतकऱ्यांचा इटलीचा दौरा काढला, ऑक्टोबर छाटणीच्या आधी, सप्टेंबरात. सहांत आम्ही दोघे भाऊ. परत आल्यावर सह्या व्हायच्या होत्या.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. निघायच्या आठवडाभर आधी मी एकटाच दिंडोरीला तहसील कचेरीत गेलो आणि एक हरकतीचा अर्ज देऊन आलो. आमच्या सामाईक गटावर माझ्या समक्ष हजेरीशिवाय कसलीही नोंद होऊ नये, असा. झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या एकाकडून तो लिहून घेतला. त्याने पदरचं एक वाक्य घातलं: "माझा भाऊ खोट्या सहीने करार करण्याचा संभव आहे." ते वाक्य मी वाचलं. खोडायला सांगितलं नाही. दत्तूला यातलं काही बोललो नाही. अर्जाची नक्कल बनियनच्या आतल्या पिशवीत पासपोर्टबरोबर ठेवली आणि मी इटलीला गेलो.

पिआचेन्झा

मिलानला उतरून आम्ही गाडीने पिआचेन्झा नावाच्या गावी आलो. गाडी चालवणारा बलविंदर होशियारपूरकडचा. तिथल्या गोठ्यांत बारा वर्षं गाईंची धार काढून आता तो गाडी चालवतो, इटालियन फाडफाड बोलतो आणि आमच्याशी हिंदी. कंपनीतर्फे शिरीष साहेब सोबत होते, तिशीतला गोरागोमटा शेतकी अधिकारी, सगळ्यांशी गोड बोलणारा. गोड बोलतो हीच मला त्याची पहिली खोट दिसली.

हॉटेलात काउंटरवरच्या बाईने सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. नोंद करून देते म्हणाली. सगळ्यांनी दिले, मी दिला नाही. शिरीष साहेबांनी समजावलं, बलविंदरने समजावलं, "बाबाजी, इधर का कानून है." कायदा असेल, पण माझा पासपोर्ट माझ्या डोळ्यांसमोर राहील. शेवटी तिने माझ्यासमोर पासपोर्ट उघडून नंबर लिहून घेतला आणि मी तिच्या हातातून तो परत ओढलाच. सगळे खोल्यांत जाऊन आंघोळी करून आले तरी दत्तू माझी बॅग घेऊन तिथेच उभा होता. मला वाटलं, हा माझ्यावर लक्ष ठेवतोय.

जेवणाचं तसंच. पानात आल्या वेणी घातल्यासारख्या दुमडलेल्या करंज्या, उकडलेल्या, वर लोणी. आत काय असेल काय सांगावं? त्या भागात डुकराच्या मांसाचे टांगलेले पाय दुकानादुकानांत दिसत होते. मी पहिली करंजी सुरीने फोडली. आत पालक आणि पनीरसारखं काहीतरी. दुसरीही फोडली. पालकच. तिसरी फोडत होतो तेव्हा स्वयंपाकीणबाई आतून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं मला आवडलं नाही. बलविंदरने तिला काय सांगितलं कोण जाणे, ती आत जाऊन कच्च्या पालकाची जुडी घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवून गेली. सगळे हसले. मी उरलेल्या नऊही फोडल्या. चव मात्र चांगली होती. घरून नेलेला ठेचा लावल्यावर आणखी चांगली झाली.

विगोलेनो

पहिला किल्ला विगोलेनो. डोंगराच्या सोंडेवर अख्खी तटबंदी उभी, एक दगड ढळलेला नाही, आणि आत गाव. खरंखुरं, माणसं राहतात असं. बाणांच्या जंग्यांच्या शेजारच्या खिडकीतून कुणाच्या तरी चादरी वाळत टाकलेल्या. पायरीपायरीवर लाल फुलांच्या कुंड्या. बाकावर तीन म्हातारे बसलेले, त्यांच्या पायांशी मांजर. आमच्या रामशेजवर बकऱ्या, देवळं आणि वारा. लढलेला किल्ला कसा, थोडा तरी पडलेला पाहिजे. हा इतका धडधाकट बघून मला शंका आली की हा लढलाच नसावा.

गडाखाली जन्मलेल्या माणसाला गड ओळखायची एकच खूण शिकवलेली असते. आधी पाणी बघायचं. तट कितीही उंच बांधा, वर पाणी नसेल तर तो गड चार दिवसांचा. रामशेज औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद देत नव्हता तो वरच्या टाक्यांच्या जोरावर, असं आमची म्हातारी माणसं सांगत. आम्ही पोरं गुरं घेऊन वर जायचो तेव्हा आधी टाक्यात खडा टाकायचो आणि कान द्यायचो. आवाजावरून पाणी किती उरलं ते कळायचं.

"साहेब, पाणी कुठाय?" मी विचारलं.

शिरीष साहेबांनी मला पाण्याची बाटली दिली.

"हे नाही. गडाचं."

त्यांनी चौकातलं कारंजं दाखवलं. मी नळ बघितला आणि मान हलवली.

एक गोष्ट मात्र मानली. दरवाजा. पहिल्या दारातून आत शिरलेला माणूस दुसऱ्या दाराशी पोचेपर्यंत त्याला वळावं लागतं, आणि त्या वळणावर तो वरून तिन्ही बाजूंनी दिसत राहतो. आपल्याकडच्या गोमुखी दारासारखंच. दोन मुलखांतले लोक एकमेकांना कधी भेटले नव्हते, तरी पाहुण्याबद्दलचं त्यांचं मत एकच होतं. मला जरा घरच्यासारखं वाटलं.

कास्तेल आर्क्वातो

दुसऱ्या दिवशीचा किल्ला विटांचा, नदीच्या खोऱ्यावर उभा, मधोमध एक उंच बुरूज. गाव चढत चढत त्याच्या पायाशी येतं. रस्ते इतके अरुंद की समोरून बाई आली तर आम्हाला भिंतीला पाठ लावावी लागत होती. एका दुकानात मैद्याच्या चौकोनी पुऱ्या तळत होते. टम्म फुगलेल्या. शपथेवर सांगतो, नाशिकच्या कुठल्याही लग्नात खपल्या असत्या. मी चार खाल्ल्या. तळण कशात केलं हे पाचवीच्या वेळी विचारलं, तर बलविंदरने आभाळाकडे बघितलं. मी पाचवी ठेवून दिली आणि घटकाभर बोलेनासा झालो. दत्तू म्हणाला, "नाना, आता पोटात गेलं ते गेलं. देव काय पोट उघडून बघतो का?" मला त्याचं हे सगळं सहज घेणं तेव्हा फार खटकायचं.

बुरुजावर मी आणि बलविंदर गेलो. बुरूज आणि बाकीचा किल्ला यांच्यामध्ये पूर्वी उचलता येणारा लाकडी पूल असायचा. बलविंदरने वाचून सांगितलं, "बाबाजी, ये पुल दुश्मन के लिए नहीं था. अपने ही सिपाहियों के लिए था. वो बदल जाएँ तो मालिक पुल उठाके अंदर अकेला." इटलीत मला मनापासून पटलेला पहिला माणूस म्हणजे तो मालक. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

वर वारा छान होता. खाली खोरं, त्यात बागांच्या ओळी. आपला मांडव डोक्याच्या वर, यांच्या वेली कमरेएवढ्या, घड गुडघ्याशी लोंबणारे. तोडणाऱ्या बायका वाकून वाकून चालल्या होत्या. मणी बारके, काळे, आत बिया. आदल्या दिवशी एक खाऊन पाहिला होता, तोंडात नुसतं साल राहिलं. मी खाली आमची गाडी शोधली आणि मला दत्तू दिसला. गाडीच्या बॉनेटवर एक पांढरा कागद होता. शिरीष साहेबांनी खिशातून पेन काढून दिलं. दत्तू वाकला आणि लिहायला लागला.

मी जिना कसा उतरलो मला आठवत नाही. शेवटच्या वळणावर घसरलो, गुडघा फुटला, धोतराला रक्त लागलं. गाडीशी पोचलो तेव्हा बॉनेटवर काही नव्हतं.

"काय लिहीत होतास?"

"कुठं? खुंटाची नावं." दत्तूने वही काढून दाखवली. खरोखरच वहीत खुंटांची, म्हणजे ज्यांवर कलम बांधतात त्या रोपांची नावं होती, ओळींमधलं अंतर होतं, तारेची उंची होती. पण वहीला रेघा होत्या, आणि मी पाहिलेला कागद पांढरा होता. त्याने माझा गुडघा धुतला, रुमाल बांधला, आणि मी पूर्ण वेळ त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होतो.

त्यानंतरचे तीन किल्ले मी पाहिले असं म्हणायचं फक्त. तोर्रेकियाराचे चार बुरूज लांबून सोन्यासारखे दिसतात, आतल्या एका दालनात सगळ्या भिंतींवर चित्रं काढलेली आहेत, एवढंच सांगू शकतो. माझं लक्ष पुढे चालणाऱ्या दत्तूवर आणि शिरीष साहेबांवर होतं. ते हळू बोलत. मी जवळ गेलो की थांबत. सहीशिवाय दोन माणसांना इतकं बोलायला काय असतं?

ज्याचं नाव लिहीत नाही तो किल्ला

सातव्या दिवशी एका टेकडीवरच्या किल्ल्यात गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे आम्ही नुकसान केलं. मालक मिलानला राहतो, वर्षातून दोनदा येतो. खाली पंचवीस एकरांची बाग, वर किल्ला, आणि किल्ल्याची देखभाल करायला जीनो नावाचा एक म्हातारा. सत्तरीच्या पुढचा, पण ताठ, हातांवर छाटणीच्या जुन्या खुणा. त्या मला लगेच ओळखू आल्या, माझ्याही हातांवर आहेत.

चौकाच्या मधोमध विहीर होती. दगडी कठडा, दोरीने घासून पडलेल्या खाचा, वर लोखंडी जाळी. सात दिवसांत प्रथमच खाचा दिसल्या. म्हणजे इथे खरंच पाणी शेंदलं होतं. माझा जीव हरखला. बाकीचे तिकिटाच्या खिडकीशी होते, दत्तू थोडा मागे. मी खाली वाकलो, लिंबाएवढा खडा उचलला, जाळीतून सोडला आणि कान दिला.

पाण्याचा आवाज आला नाही. काच फुटल्याचा आला.

विहीर कधीच बुजली होती. तिच्या तळाशी आता तळघर होतं, बाटल्या ठेवायचं, आणि येणाऱ्यांना वरून ते दिसावं म्हणून आत जाड काच बसवून खाली दिवे लावले होते. काचेला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला होता. तिकिटाच्या खिडकीतली बाई ओरडत धावली. शिरीष साहेबांचा चेहरा पांढराफटक. मी बनियनच्या आतली पिशवी गच्च धरली.

"मी टाकला," दत्तू म्हणाला. मग बलविंदरकडे वळून, "उसको बोलो, मैंने डाला. माफी माँगता हूँ."

पहिला विचार काय आला असेल माझ्या मनात? हा माझ्यावर उपकार करून ठेवतोय. उद्या याची भरपाई सहीने मागेल.

जीनोने आम्हा दोघा भावांना आणि बलविंदरला दरवाज्याशेजारच्या त्याच्या खोलीत नेलं. विम्यासाठी एक कागद भरला, दत्तूचं नाव लिहिलं, दत्तूने सही केली. मग म्हाताऱ्याने पाव कापला, चीज कापलं, माझी माळ बघून मांसाचं ताट आपणहून दूर सारलं. त्याच्या टेबलावरून बाहेर बघितलं की वर बुरुजातली एक खिडकी दिसायची. खिडकीचं तोंड रस्त्याकडे नव्हतं, बागेकडे होतं. मी बलविंदरला ते विचारायला सांगितलं. शत्रू रस्त्याने येणार, मग खिडकी बागेकडे का?

जीनो सांगत गेला आणि बलविंदर हिंदीत करत गेला. जीनोचा बाप किल्ल्याची बाग निम्म्या वाट्याने करायचा. अर्धी द्राक्षं वर किल्ल्यात, अर्धी घरी. तोडणीच्या दिवसांत त्या खिडकीत मालकाचा माणूस बसायचा. तोडणाऱ्यांनी सारखं गात राहायचं असा नियम होता. गाणं थांबलं की वरून हाक यायची. गाणाऱ्या तोंडात द्राक्ष जात नाही ना, म्हणून. जीनो सात वर्षांचा होता तेव्हा त्याला गाणी येत नसत, तर तो नुसता आ करून ओरडायचा.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. हेच तर मी दत्तूला वर्षभर सांगत होतो. मी त्याच्या मांडीवर चापट मारली. "ऐकलंस? पंधरा वर्षं गात बस आता."

"खिड़की में कौन बैठता था, पूछो," दत्तू बलविंदरला म्हणाला.

बलविंदरने विचारलं. जीनोने पाव खाली ठेवला. मालक तेव्हाही मिलानलाच राहायचा. खिडकीत बसायचा तो जीनोच्या बापाचा सख्खा भाऊ. मालकाने निवडून त्यालाच बसवला होता, कारण आपल्या माणसाच्या खोडी आपल्याच माणसाला ठाऊक. दोघे भाऊ एकाच गल्लीत राहिले आणि मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

मग जीनो माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाला. बलविंदर घुटमळला. "बाबाजी, ये बोल रहा है, पत्थर आपने डाला. ये उस वक़्त उसी खिड़की वाले कमरे में झाड़ू मार रहा था, दूसरी तरफ़ से चौक दिखता है. ऊपर से देखा."

"मग कागदावर याचं नाव का लिहिलं?"

बलविंदरने विचारून सांगितलं, "बोलता है, जो आगे आकर मान ले, नाम उसी का लिखते हैं."

बाहेर आल्यावर मी दत्तूला तटाच्या कडेला घेतलं. दुपारची वेळ, खाली तोडणी चाललेली, आता कोणी गात नव्हतं, ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"खडा मी टाकला. तू का पुढे झालास?"

"तुझा पासपोर्ट मागितला आसता. तू दिला नसता. मंग आपण समदे इथंच." तो हसला.

"मला बनवू नको. काय पाहिजे तुला? सही पाहिजे ना?"

त्याचं हसू गेलं. तो बागेकडे वळला.

"नाना, तू दिंडोरीला अर्ज देऊन आला, ते मला ठाव हाय."

माझा हात आपोआप छातीवरच्या पिशवीकडे गेला.

"ज्यानं लिव्हून दिला त्यानंच सांजच्याला फोन केला मला. 'माझा भाऊ खोट्या सहीने करार करण्याचा संभव आहे.' आसंच हाय ना त्यात?"

"तसं लिहावं लागतं," मी म्हणालो. "कायद्याची भाषा असते ती."

"लागत आसंल."

"मग सगळं माहीत असून आलास कशाला माझ्यासंगं?"

"म्हटलं, धा दिवस संगं राहिलो तर तूच सांगशील."

सात दिवस झाले होते. मी त्याला पालकाच्या करंज्यांबद्दल बोललो होतो, पुरीबद्दल, पाण्याबद्दल, पासपोर्टबद्दल. तो माझी बॅग उचलत होता, माझा गुडघा धूत होता आणि वाट बघत होता. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही. तरीही माफी मागायची ती मागितली नाहीच. "साहेबाशी काय कुजबुजत असतोस मग?" असं विचारलं.

"तुझ्या मागं लागू नका, आसं सांगत व्हतो त्याला," दत्तू म्हणाला आणि गाडीकडे गेला.

घरी

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दिंडोरीला जाऊन अर्ज मागे घेतला. घरी येऊन दत्तूला तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला. कंपनीलाही त्यानेच नाही म्हणून कळवलं. मी म्हणालो, तुला करायचा असेल तर करू करार, मी सही देतो. तो म्हणाला, "नाय नाना, ते ऱ्हाऊ दे." मला वाटलं, मिटलं. बाग वाचली, भाऊही वाचला.

पंधरा दिवसांनी पोस्टमन एक चित्राचं कार्ड देऊन गेला. कास्तेल आर्क्वातोचा बुरूज होता त्यावर. बायको हरखून गेली. मी जन्मात तिला पत्र लिहिलेलं नव्हतं. मागच्या पांढऱ्या बाजूला लिहिलं होतं, इथे हवा छान आहे, पुऱ्या मिळतात, काळजी करू नको. खाली माझं नाव. अक्षर दत्तूचं. ती ते कार्ड शेजारीपाजारी दाखवत फिरली, आणि तिला ते तसंच दाखवू दिलं मी.

दिवाळी झाली. भाऊबीजेला बहीण येऊन गेली. त्यानंतर एका सकाळी दत्तू ओट्यावर येऊन बसला. चहा संपवला आणि म्हणाला, "नाना, वाटणी करून टाकू."

"का? आता काय झालं? करार नको म्हणालास, अर्ज मी काढून घेतला."

"तुझ्यावर राग नाय माझा. पण आता सही करताना मला दर टायमाला ते वाक्य आठवतं. खतं आणायला गेलो तरी आठवतं. तुलाबी आठवत आसंल."

मी खूप समजावलं. बायकोने समजावलं, त्याची बायको तर रडली. तो शांत होता. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

आमच्याकडे रीत आहे. मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे मोठा वाकडं पाडणार नाही. मी वाटे पाडायला बसलो. एका वाट्यात विहीर आली तर दुसऱ्यात रस्त्याची बाजू घातली, एकीकडे जुन्या वेली आल्या तर दुसरीकडे पाऊण गुंठा जास्त धरला. दोरी घेऊन चार वेळा मोजलं. कारण तो आधी उचलणार, आणि तो कुठला उचलेल याचा मला भरवसा नव्हता. अजूनही. एवढं सगळं होऊनही मी बांधावर उभा राहून तोच हिशोब करत होतो.

कागद तयार करून मी बागेत गेलो. दत्तू मांडवाखाली फेलफूट काढत होता, म्हणजे वेलीवरची नको ती कोवळी फूट खुडत होता. बोटं हिरवी झालेली. मी म्हणालो, "हे दोन वाटे. नीट बघ. कुठला घेतोस?"

"तुला नको आसंल तो दे."

"असं नाही. उचलायचा मान तुझा आहे. बांधावर चल, दाखवतो कुठून कुठे ते."

तो आला नाही. हात धोतराला, म्हणजे माझ्या धोतराच्या सोग्याला पुसले, लहानपणी पुसायचा तसे, आणि कागद घेतला.

"सही कुठं करू?"

"आधी वाच तरी, दत्तू."

"तू लिव्हलंय ना," तो म्हणाला. आणि सही करून पुढच्या ओळीत गेला.